एक वीत, तीन बोटं

परत आलेल्या कुंच्या मी दिवाणावर ओळीने मांडल्या. चौदा भरल्या. माझी सून आकांक्षा त्या कपाटात कोंबायला निघाली होती, तिला मी थांबवलं. एसटीच्या वर्कशॉपात मी बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो. एकच पार्ट दोनदा परत आला तर भंगारात टाकायच्या आधी तो टेबलावर घ्यायचा, अशी आमच्या फोरमनची शिस्त होती. ड्रायव्हरला शिव्या नंतर. आधी पार्ट.

कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं, ज्याला मागे पाठभर घोळ असतो. बारशाला घालतात. माझी बायको वच्छला चाळीस वर्षं कुंच्या करत होती. आमच्या राजापेठेत कितीतरी पोरांची बारशी तिच्या कुंचीत झाली. तीन वर्षांपूर्वी आकांक्षा या घरात आली. तिने सासूच्या कुंच्यांचे फोटो काढले आणि वेबसाइट केली. दुकानाला नाव दिलं 'वच्छला'. वच्छला आधी लाजली. मग फोटोला उजेड कोणत्या खिडकीचा घ्यायचा हेही तीच सांगायला लागली.

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेनंतर दहा-बारा दिवसांनी ती गेली. ताप आला, आठ दिवस दवाखान्यात होती, आणि गेली. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

दुकान आकांक्षाने चालू ठेवलं. सुधारलंही. आधी गिऱ्हाईक पेजवर आपला फोन नंबर टाकायचं आणि वच्छला स्वतः फोन करून ऑर्डर घ्यायची. आता फोन करायला ती नव्हती. म्हणून आकांक्षाने सगळं पेजवरच आणलं. रंग निवडा, माप टाका, पैसे भरा, झालं. आलेलं माप ती अकोल्याला चंदाला मोबाईलवर पाठवायची. चंदा वच्छलाच्या वेळेपासून आमचं शिवण करते. आधी कापड वच्छला कापून द्यायची, आता कापायचं कामही चंदाकडे गेलं होतं.

"बाबा, काय पाहून राहिले त्याच्यात?" आकांक्षा म्हणाली. "माप चुकलं, लोकांनी परत केलं. संपलं."

"काहून चुकलं?"

"लोकच चुकीचं टाकतात."

"चौदा जण? सगळेच येडे?"

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. वर दुकानाचं नाव होतं, वच्छला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'टोपडं डोळ्यांवर येतं. बारशाच्या दिवशी फजिती झाली.' त्याखाली एकच तारा. मी चष्मा पुसून परत पाहिलं. तिच्या नावाखाली एक तारा.

"असे सात आहेत," आकांक्षा म्हणाली. "आईंचं नाव असं रोज खराब होण्यापेक्षा बंद केलेलं बरं. अक्षय तृतीयेपर्यंत पाहते. मंग दुकान बंद. मले नागपूरले कामही मिळून राहिलं."

नागपूरला माझा मुलगा किशोर नोकरी करतो, शनिवार-रविवार घरी येतो. तिने तिकडे जावं हे मला पटत होतं. अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. वच्छलाची ती पहिली घागर असणार होती. आकांक्षाने तो दिवस का धरला तेही मला समजलं.

पण मला दुकान बंद व्हायला नको होतं. विक्रीचं मला काही नव्हतं. घरात तिचं नाव घेणारं आता कोणी उरलं नव्हतं. आकांक्षा आई म्हणते, किशोर आई म्हणतो, आणि त्यांच्याशी बोलताना मीही आईच म्हणतो. दुकानामुळे निदान अनोळखी माणसं तिचं नाव घेत होती. ते थांबू नये असं मला वाटत होतं. एक तारा लावून ते चालावं, असंही वाटत नव्हतं.

मी शिवणाची टेप घेतली आणि चौदाही कुंच्या मोजल्या. प्रत्येकीची चिठ्ठी काढून ताडून पाहिली. गिऱ्हाइकाने जे माप टाकलं होतं, कुंची बरोबर त्या मापाची होती. पाव इंचाचाही फरक नाही. म्हणजे पार्ट चांगला होता. आकडाच चुकीचा आला होता.

"हे पेज कसं चालते, मले दाखव," मी म्हटलं.

आकांक्षाने लॅपटॉप उघडला. दुकानात कोण आलं आणि कुठपर्यंत गेलं ते त्यात दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मला ते फार आवडलं. आमच्या वर्कशॉपात असं काही असतं तर गाडी कोणत्या घाटात गरम झाली ते जागेवर बसून कळलं असतं.

"हे पहा. दोन महिन्यांत दोनशे बारा जणांनी कुंची निवडली. रंगही निवडला. मंग ही चौकट येते. 'बाळाच्या डोक्याचं माप, कपाळापासून मानेपर्यंत, इंचात.' इथून पुढं एकतीसच गेले."

"बाकीचे?"

"निघून गेले."

"इथूनच? सगळे?"

"इथूनच. मी चौकटीचा रंग बदलला, अक्षर मोठं केलं, वर टेपचं चित्र टाकलं. काही फरक नाई."

दोनशे बारा माणसं एका दारापर्यंत येतात, कापडाचा रंगही पसंत करतात, आणि त्यातली एकशे एक्क्याऐंशी एकाच उंबऱ्यावरून परत फिरतात. दुसऱ्या दिवशी मी परत आलेल्या तीन पार्सलांवरच्या नंबरांवर फोन लावला. वर्ध्याची एक बाई होती.

"ताई, बाळाचं डोकं मोजून माप टाकलं होतं का?"

"अंदाजानं टाकलं हो काका."

"घरी टेप नाई का?"

"आहे ना."

"मंग मोजलं काहून नाई?"

"असंच," म्हणाली, आणि फोन ठेवला.

यवतमाळ, तेच. बुलडाणा, तेच. घरात टेप आहे, बाळ घरातच आहे, आणि तिघींनी अंदाजाने आकडा टाकला. असंच म्हणजे काय, हे मला समजेना.

मग मी वच्छलाची वही काढली. तीत इंच कुठेच नव्हते. 'परतवाडा, जांभळा खण, १ वीत ३ बोटं.' 'राजापेठ, हिरवा, १ वीत २ बोटं.' सगळं असंच. वीत म्हणजे ताणलेल्या पंजात अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर. मला वाटलं, सोपं आहे. तिच्या हाताची वीत किती इंच होती ते काढायचं, म्हणजे तिचं सगळं माप इंचात येईल. हात आता नव्हता. पण तिने केलेल्या कुंच्या गल्लीत घरोघरी होत्या. कुंची कोणी टाकून देत नाही, ट्रंकेत ठेवतात. ज्यांच्या नावापुढे एक वीत तीन बोटं होतं तेवढी नावं मी कागदावर उतरवली आणि निघालो.

पहिलं घर समोरचंच. मोरोपंत वकील, त्यांच्या सिंधूताई आणि नातू श्रेयस.

"सिंधूताई, श्रेयसची कुंची आहे का तुमच्याकडं?"

"श्रेयस आता सहावीत आहे, जानरावजी. त्याला बसायची नाही."

"त्याले नाई. मले पाहिजे."

आतून मोरोपंत म्हणाले, "अगं, दे त्यांना. या वयात कान सांभाळायला हवेत."

सिंधूताईंनी कुंची आणून दिली. मी ती टीपॉयवर पसरून मोजली, कपाळाच्या कडेपासून मानेच्या शिवणीपर्यंत. सव्वानऊ इंच.

"ही शिवताना वच्छलानं माप कसं घेतलं, आठवते का?"

"मी नव्हतेच मधे. जुईली तेव्हा माहेरी होती, बाळंतपणाला. दोघींचं फोनवर काय ते बोलणं झालं. मला एकदम तयार कुंची मिळाली."

जुईली म्हणजे त्यांची सून. मी वहीत सव्वानऊ लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. दोन दिवसांत नऊ कुंच्या जमल्या. गल्लीत बोलणं झालं की जानरावजी लहान पोरांची टोपडी गोळा करून राहिले. एका बाईने माझ्या तब्येतीची चौकशी करायला आकांक्षाला फोनही केला.

नऊ कुंच्या, नऊही वहीत एक वीत तीन बोटं. टेपवर एक सव्वानऊ, एक पावणेदहा, एक सव्वादहा, एक पार साडेदहा.

मी पुन्हा मोजल्या. तेच. माणसाचा हात रबराचा नसतो.

"मी म्हणतच होते," आकांक्षा म्हणाली. "आईंचं अंदाजपंचे होतं, बाबा."

मला राग आला. वच्छला अंदाजाने काही करत नसे. गॅसचं सिलिंडर लावलं की ती भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहायची. दूधवाल्याचे खाडे ती कॅलेंडरवर मांडायची. आणि यातली एकही कुंची कधी परत आली नव्हती. अंदाज नऊदा बरोबर येत नाही. काहीतरी माप होतं. ते मला दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नऊही कुंच्या पिशवीत घालून मी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरला पिशवी मांडीवरून घसरली आणि दोन कुंच्या बाहेर आल्या. शेजारची बाई म्हणाली, "नातू झाला का, दादा?"

"नाई. तपासणी चालू आहे," मी म्हटलं. ती खिडकीकडे सरकली.

चंदा जठारपेठेत पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत राहते. मशीन दारातच असतं.

"भाऊजी, तुमी? फोन तरी करा लागत होता. भाजी तरी टाकली असती."

"भाजी नोको. हे पाह्य." मी कुंच्या मशीनवर पसरल्या.

तिने एकीच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे ताईच्या हातचं कापलेलं आहे," ती म्हणाली. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"सगळे एक वीत तीन बोटं. वहीत तसं लिवलं आहे. मंग एक सव्वानऊ अन् एक साडेदहा, हे कसं?"

"कोनाची वीत?"

"वच्छलाची."

चंदा हसायला लागली. "ताईची काहून? ताईनं जल्म देल्ला होता का त्या लेकरांले?"

मी परत एकेक कुंची उलटून पाहिली.

"लेकराच्या मायची वीत, भाऊजी. अन् मायचेच बोटं. तान्ह्या लेकराले टेप लावत नसतात. बारसं होईपर्यंत तं नाईच नाई. मोजलं का वाढ खुंटते म्हनतात, नजर लागते."

"खरं आहे का थे?"

"खरं-खोटं मले काय माहीत? पन घरातली कोनती आजी लावू देईन टेप? तुमीच सांगा."

"मंग माप कसं घ्याचं?"

चंदाने कोपऱ्यातला लोड ओढून मांडीवर घेतला. अंगठा एका टोकाला टेकवून तिने पंजा ताणला, करंगळी जिथे पोचली तिथून पुढे तीन बोटं ठेवली. "माय लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतेच न? कपायापासून मानेलोक. एक वीत, अन् उरलं थे बोटं. हे मोजनं नाई झालं. हे लाड झाले. सासू बाजूले बसली असली तरी काई म्हनत नाई."

"अन् परतवाड्याच्या बाईचा हात वच्छलाले राजापेठेत कसा दिसे?"

"बांगडी इचारे थे. बाईले सोताच्या बांगडीचं माप पाठ असते. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. बांगडीवरून हात केवढा असन, ताईले बरोबर समजे."

तेव्हा मला आठवलं. फोनवर वच्छला ख्यालीखुशाली विचारायची आणि मग हमखास, "बांगडी कितीची लागते तुले, माय?" मी पेपर वाचत बसलेला असायचो. मला वाटायचं बायका-बायकांच्या गप्पा आहेत. एकदा मी तिला म्हटलंही होतं, कुंच्या विकते का बांगड्या? ती नुसती हसली होती. तिने सांगितलं नाही, आणि मी परत विचारलं नाही. एका घरात चाळीस वर्षं राहून मी हे एवढंही विचारलं नव्हतं.

"तू आकांक्षाले काहून नाई सांगितलं?"

"मले मोबाईलवर इंच आले. मी इंचात कापलं. मले कोनं इचारलं? मले वाटलं, शिकलेली पोरगी आहे, तिनं कंपुटरवर काई दुसरी तऱ्हा काहाडली असन." ती लोड परत कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "आता बसा. भाकर टाकतो."

परतीच्या बसमध्ये मला त्या दोनशे बारा बायका दिसायला लागल्या. मांडीवर बाळ, एका हातात मोबाईल, बाजूला सासू किंवा आई. खण पसंत झाला. आणि आमचं पेज म्हणतं, बाळाच्या डोक्याला टेप लावा. ज्यांना ते चालणार नव्हतं त्या निघून गेल्या. ज्यांना कुंची हवीच होती त्यांनी मनानेच एक आकडा टाकला. 'असंच' म्हणजे हे होतं. मला फोनवर कोण सांगणार?

आकांक्षाला सांगितलं तेव्हा तिने लॅपटॉप उघडून ती चौकट पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मी फोनची भानगड काढून टाकली. मले वाटलं, गिऱ्हाइकाचा वेळ वाचते."

"त्याच्यात तुयी काय चूक?"

"चूक नाई बाबा. पण बांगडी कितीची आणि वीत किती इंच, हा हिशेब आईंच्या डोक्यात होता. तो कुठं लिहिलेला नाई."

"नाई."

"मंग तो आपल्याले करा लागते. पुष्कळ हात पाहिजेत."

माझ्यासारखा माणूस गल्लीत फिरून बायकांना हात पसरा म्हणू शकत नाही. टोपड्यांवरूनच पुरे झालं होतं. पण चैत्र लागला होता आणि सिंधूताईंकडे हळदीकुंकू होतं. आकांक्षाने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुंकू लावून झालं की तुझ्याकडे पाठवते एकेकीला. माप दिल्याशिवाय डाळ आणि पन्हं नाही."

त्या संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्या जिन्यात बसलो. मोरोपंतही बाहेरच होते, माझ्या वरच्या पायरीवर. आत आकांक्षा टेप घेऊन बसली होती आणि मोठ्याने सांगत होती.

"दोन-सहा! वीत पावणेआठ, तीन बोटं दोन इंच!"

मी लिहीत होतो.

"दोन-चार! सव्वासात, दोन!"

आत हसणं चाललं होतं. एक बाई म्हणाली, "अगं, मापं घेतेच आहेस तर ब्लाउजही शिवून टाक." दुसरीने विचारलं, "याचं पुढे काय करणार? हात बघून भविष्य सांगणार का?"

मोरोपंत माझ्याकडे वाकून म्हणाले, "जानरावजी, पोलीस ठाण्यात आरोपींचे ठसे घेतात ना, तसं वाटतंय."

"फरक हा आहे का आरोपीले पन्हं नाई भेटत," मी म्हटलं.

एकतीस हात झाले. घरी येऊन आम्ही दोघांनी ते बांगडीप्रमाणे वेगळे केले. मला वाटलं नव्हतं इतकं ते जुळलं. दोन-चारवालीची एक वीत तीन बोटं सव्वानऊ इंच. दोन-सहावालीची पावणेदहा. दोन-आठवालीची सव्वादहा. पाच हात मात्र कशातच बसेनात. रागिणी म्हणून एक मुलगी होती, बांगडी दोन-चारची आणि बोटं दोन-आठवालीसारखी लांब.

"हिचं काय कराचं?" मी विचारलं.

"अजून एक चौकट. टेप असेल तर स्वतःच्या हाताला लावा. बाळाला लावू नका." आकांक्षाने लगेच लिहून घेतलं.

मी आत जाऊन ट्रंक उघडली. किशोरची कुंची तळाशी होती. वहीच्या पहिल्या पानावर पहिलं नाव त्याचंच, एक वीत तीन बोटं. मी ती मोजली. पावणेदहा. वच्छलाच्या बांगड्या डब्यात होत्या. त्यावरचा आकडा मी खिडकीशी नेऊन वाचला. दोन-सहा. हिशेब बरोबर होता. मी ट्रंक लावली.

पेज बदलायला आकांक्षाला चार दिवस लागले. चित्र हवं होतं, हात कसा फिरवायचा ते दाखवणारं. घरात बाळ नाही. मग तिने नारळ सोलून घेतला, दुपट्यात गुंडाळला आणि स्वतःचा हात त्यावर ठेवून मला फोटो काढायला लावला.

"शेंडी दिसून राहिली," मी म्हटलं.

"राहू द्या. जावळ आहे ते."

जुनी चौकट तिने काढून टाकली. नवीन पेजवर लिहिलं, 'बाळाच्या डोक्यावरून आईचा हात कपाळापासून मानेपर्यंत फिरवा. किती वीत, किती बोटं?' आणि त्याखाली, 'आईच्या बांगडीचं माप काय?'

पहिल्या दिवशी मी लॅपटॉपसमोरून उठलो नाही. आकडा हलतो का ते बघत होतो. दुपारी पहिली ऑर्डर आली. माप होतं एक वीत दोन बोटं, बांगडी दोन-चार. आकांक्षा म्हणाली, "बाबा, जेवून घ्या, तो आकडा तुमच्या बघण्यानं नाई वाढत." अकरा दिवसांत अठ्ठावन्न जण त्या चौकटीपर्यंत आले. एकेचाळीस पुढे गेले. चंदा रोज फोन करून म्हणायची, खण संपून राहिला, अस्तर पाठवा.

एकही कुंची अजून परत आली नव्हती. पण आकांक्षा दुकानाबद्दल काही बोलत नव्हती. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "पार्सलं अजून पोचून राहिले. आत्ताच नाचू नका." नागपूरच्या कामाला तिने हो म्हटलं की नाही, ते मी विचारलं नाही.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ती आत चंदाला पाठवायचा खण ताग्यातून कापत होती. दुकानाचा मोबाईल वाजला. मी उचलला.

"काका, वच्छला कुंची हेच का?" तरुण माणूस होता. "मी गजेंद्र बोलतो, परतवाड्याच्या इकडून. तुमच्या पेजवर बांगडीचं माप मागून राहिले."

"हो. बाळाच्या आईचं."

"थे नाई."

"माहेरी आहे का? फोनवर इचारून घे न."

"नाई काका. थे नाईच. बाळ झालं अन् चवथ्या रोजी गेली. पेज पुढं जाऊन नाई राहिलं. चौकट रिकामी ठेवली तं लाल होते."

अशा वेळी लोक काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. वर्षभर ऐकलं आहे. त्यातलं मला काहीच म्हणावंसं वाटलं नाही.

"बाळाले आंघोळ कोण घालते?" मी विचारलं.

"मीच. माह्या मायचे हात कापतात."

"डोकं तूच पुसतो?"

"हो."

"मंग तुयाच हात. घरी टेप आहे का? बाळाले नोको लावू. तुयी वीत मोज."

खुडबुड ऐकू आली. "नऊ भरली, काका."

"आता लेकराच्या डोक्यावरून हात फिरव. कपाळावरून मागं, मानेपर्यंत. दाबू नको."

त्याने फोन खाली ठेवला असावा. बाळ काहीतरी कुरकुरलं, तो त्याला काहीतरी म्हणाला, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी थांबलो. घाई नव्हती.

"एक वीत, काका. बोट नाई लागलं."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"खण कोणत्या रंगाचा पाहिजे?"

"रंगातलं मले काय समजते?"

"मलेही नाई समजत. थांब, सुनेले देतो."

आकांक्षा कात्री हातात घेऊन दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने मोबाईल घेतला आणि त्याच्याशी बराच वेळ बोलली. पोरीचं नाव काय ठेवणार, बारसं केव्हा आहे, घरात तिच्या आईची एखादी साडी आहे का, तिचा रंग कोणता, काठ केवढा. पुढे पुढे तर तोच जास्त बोलत असावा, कारण ती नुसतं हं हं करत होती. फोन ठेवल्यावर तिने कात्री बाजूला टाकली आणि लॅपटॉप उघडला.

"बाबा, 'आईचा' हा शब्द काढा लागते."

"मंग काय लिहिशीन?"

"बाळाला जो आंघोळ घालतो त्याचा हात." तिने टाईप केलं, वाचलं, पुसलं. "लांब होते का?"

"होऊ दे लांब. बरोबर आहे."

"अन् बांगडीची चौकट रिकामी राहिली तरी लाल नाई व्हायला पाहिजे." ती तेही करायला लागली. मग हात थांबवून माझ्याकडे वळली. "पण बाप्यांच्या हाताचा तक्ता आपल्यापाशी नाई. सगळ्यांजवळ टेप नसते. बाप्यांले कशाचं माप पाठ असते?"

मी विचार केला. "चपलेचं."

"चपलेवरून हात निघन का?"

"पाहा लागते. मले काय माहीत?"

"मंग तुमीच मोजा. हळदीकुंकवाले तं बापे येत नाईत. चाळीस-पन्नास हात पाहिजेत, अन् प्रत्येकाच्या चपलेचा नंबर. चौकातल्या चहाच्या टपरीवर बसा वही घेऊन."

"उद्या अक्षय तृतीया आहे," मी म्हटलं. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माहीत आहे. उद्या घागर भराची आहे, अन् आमरस खाऊन कोणी हातही देणार नाई तुमाले." तिची नजर पडद्यावरच होती. "परवापासून जा. या महिन्यात तक्ता झाला पाहिजे, पुढच्या महिन्यात मी तो पेजवर टाकते."

मी टेबलावरची टेप घेतली. वहीचं कोरं पान काढून वर लिहिलं, बापे. मग दारातली चप्पल उलटी करून नंबर वाचला, आठ. डावा पंजा टेबलावर ताणून ठेवला आणि पहिला हात माझाच मोजला. पावणेनऊ.